झोप लागेल अशी खोली

भाड्याची खोली पाहायला आलेला माणूस आधी नळाचं विचारतो. मग संडास कुठे, मालक इथेच राहतो का, पाहुणे आलेले चालतात का, हे विचारतो. गिरजाबाई यातलं काहीच विचारत नसे. ती खोलीत जायची, पदराने फरशी झटकायची, हातातलं गाठोडं डोक्याखाली घ्यायची आणि सरळ आडवी व्हायची. मालक दारात, मालकीण खिडकीत, मी आणि तिचा नवरा डोमा ओट्यावर, असे आम्ही सगळे त्या बाईला झोप लागते की नाही याची वाट पाहत बसायचो. तेही चंद्रपूरच्या मे महिन्यात, भर दुपारी. मी मुळातच तापट माणूस, तेव्हा माझं काय होत असेल याची कल्पना करा.

डोमा एसटीत ड्रायव्हर आणि मी कंडक्टर. बापूराव माझं नाव, पण डेपोत सगळे बापूभाऊच म्हणत. आमची जोडी एकाच गाडीवर कितीतरी वर्षं होती. डोमा बोलायला कमी, पण घसा असा की रस्त्यात गाय बसलेली असली तर तो हॉर्न वाजवत नसे. खिडकीतून डोकं काढून एक लांब ‘होऽऽ’ द्यायचा आणि गाय उठून बाजूला व्हायची. मागच्या सीटवर झोपलेले प्रवासीही उठायचे, ते वेगळं.

त्याचं गाव पोंभुर्ण्याच्या पलीकडे, जंगलाला लागून. धानाची शेती. लग्न झालं, दोन पावसाळे नवरा-बायको एकत्र राहिले आणि त्याला एसटीची नोकरी लागली. तेव्हापासून तो डेपोतल्या विश्रांतीच्या खोलीत, लोखंडी खाटेवर, दहा जणांच्या घोरण्यात झोपत होता आणि गिरजाबाई गावी होती. पहाटेची पहिली गाडी बहुतेक आमच्याच नशिबी यायची, म्हणून खोली घ्यायची तर स्टँडवर पायी जाता येईल अशीच हवी. आणि तेव्हा थर्मलचं, म्हणजे वीज केंद्राचं, मोठं काम चालू होतं. बाहेरगावची इतकी माणसं शहरात आली होती की लोक गोठ्याला चुना मारून खोली म्हणून देत होते.

तरी डोमाने याआधी दोनदा खोली मिळवली होती. दोन्ही वेळा बायकोला घेऊन आला आणि दोन्ही वेळा ती परत गेली. भांडण नाही, तंटा नाही. तिला इथे झोपच लागत नव्हती. पहिल्या खेपेला चार रात्री तिने तशाच काढल्या आणि पाचव्या दिवशी भाकरी थापता थापता चुलीशेजारी कोसळली. दुसऱ्या खेपेलाही तेच. गावात लोक म्हणू लागले की ही नांदत नाही. कोणी कोणी तर डोमाला दुसरी करायचा सल्ला देऊ लागले. सल्ला द्यायला काय जातं?

त्या मे महिन्यात गिरजाबाई स्वतःच आली आणि म्हणाली, “या खेपेले खोली मी पाहीन.”

तिच्या गावची एक रीत होती. नवं घर बांधायचं ठरलं की त्या घरची बाई आधी एका दुपारी त्या उघड्या जागेवर झोपून पाहते. गाढ झोप लागली तर जागा चांगली, मग खांब रोवायचा. नाही लागली तर दुसरी जागा. मी तिला समजावलं, “वहिनी, ते गावात ठीक आहे. इथे सिमेंटचं घर, आयतं बांधलेलं.”

“सिमेंटचं घर जमिनीवरच असंन ना भाऊजी?” ती म्हणाली.

मग मी खोल्या शोधू लागलो. डोमाने मला बाजूला घेऊन सांगितलं होतं, “बापूभाऊ, या खेपेले नाई जमलं तं मी राजीनामा देतो. जातो धानात. एकटं राहून राहून मले आता कंटाळा आला.” तो कधी असं बोलत नसे. सरकारी नोकरी सोडायला निघालेला माणूस तेव्हा वेड्यात काढला जायचा आणि मीही काढला. पण त्या दिवसापासून ओळखीच्या प्रत्येकाला खोलीचं विचारत सुटलो.

पहिली खोली एका रिटायर्ड कारकुनाच्या घरामागे होती. अंगणात कडुनिंब, पुढे बोळ, बोळात सायकलसुद्धा फिरकत नाही. डोमा खूश झाला. ड्रायव्हर माणूस, दिवसभर इंजिन पायाशी गुरगुरत असतं, त्याला शांतता म्हणजे पंचपक्वान्न. आम्ही शोधत होतो ती शांत खोलीच. गिरजाबाई आडवी झाली. बराच वेळ आम्ही कडुनिंबाखाली बसलो. कारकुनाची बायको मला हळूच म्हणाली, “बाईंना बरं नाही का?” मी म्हटलं, “बरं आहे. त्या खोली पाहून राहिल्या.” थोड्या वेळाने गिरजाबाई उठून बाहेर आली. “नाई लागत,” म्हणाली.

दुसरी माडीवरची होती, जाड भिंतींची. खिडकी लावली की जगाशी संबंध संपला. तिथून ती लगेचच उठली. म्हणाली, “कानात कोनं बोळे घातल्यावानी होते.”

तिसऱ्या खोलीत छताला पंखा होता. पंखा कसला, खडखड खडखड करणारं जातं. मला त्या आवाजाने बसवेना. डोमाने मालकाला तिथल्या तिथे सांगितलं की हा दुरुस्त करून द्यावा लागेल. पण आत पाहतो तर गिरजाबाईचे डोळे मिटलेले, श्वास एका लयीत. डोमाने माझं मनगट इतकं घट्ट धरलं की घड्याळ रुतलं. आणि तेवढ्यात लाइट गेली. पंखा दोन-चार फेरे कण्हला आणि थांबला. तशी गिरजाबाई ताडकन उठून बसली. एक हात जमिनीवर, नजर दाराकडे. “काय झालं?”

“लाइन गेली, अजून काय,” मी म्हणालो. ती पुन्हा आडवी झाली नाही. घरी परतताना डोमा म्हणाला, “त्या पंख्याच्या खडखडीनं उठली. पंखा चांगला असता तं जमलं असतं.” मला ते पटलं. दोन शहाणे एकत्र आले की असं होतं.

त्या दिवसांत ती आमच्याकडेच उतरली होती. मी एकदा चिडून बोललोच, “वहिनी, हे काय मोहाच्या झाडाखालचं आंगण आहे? शहर आहे हे. जिथे जागा मिळेल तिथे अंग टाकायचं.” ती उठून भांडी घासायला गेली. माझी बायको रुखमा मात्र बोलली. “तुमाले उभ्या गाडीत, तिकिटं फाडता फाडता झोप येते. तुमाले काय समजते? ते रातभर डोये उघडे ठेवून पडते. कोनाची तरी वाट पाहून राह्यल्यावानी.” मी रुखमाचं म्हणणं या कानाने ऐकलं आणि त्या कानाने सोडलं. तसं केलं नसतं तर पुढचे चार दिवस वाचले असते.

आम्ही आणखी खोल्या पाहिल्या. रेल्वे स्टेशनकडे, वेशीच्या आत, तलावाच्या अंगाला. सगळ्या शांत. मी मुद्दाम निवडून, विचारून, शांत. कुठेच तिला झोप लागली नाही. शेवटी एका सकाळी तिने गाठोडं बांधलं आणि म्हणाली, “जातो मी गावाले.” आवाजात राग नव्हता. राग असता तर समजूत तरी काढता आली असती. डोमा म्हणाला, “जाय. आठ दिवसांत मीबी येतो. उद्या साहेबाले भेटतो.” नोकरी सोडायचं त्याने असं, पाणी प्यायला जातो म्हणावं तसं सांगून टाकलं.

दुपारच्या पोंभुर्णा गाडीला तिला बसवायचं होतं. गाडी यायला वेळ होता आणि स्टँडच्या पत्र्याखाली तर भट्टी पेटलेली. स्टँडच्या भिंतीला अगदी खेटून जैनबबींचं घर होतं. त्या रजया शिवायच्या. नवरा नव्हता, मुलगी सासरी. आम्ही एसटीवाले कायम त्यांच्याच माठातलं पाणी प्यायचो. बाहेरच्या अंगाची त्यांची एक खोली रिकामी होती, वर्षानुवर्षं रिकामी. त्याचं कारण खिडकीच्या डोक्यावरच होतं. भिंतीवर स्टँडचा भोंगा बसवला होता, त्याचं तोंड बरोबर त्या खिडकीकडे. रात्रीच्या लांबच्या गाड्याही तो पुकारत राहायचा. भाडेकरू यायचे आणि आठवड्यात पळायचे. जैनबबी स्वतःच म्हणायच्या, “इथं मुडदा झोपवला तर तोबी उठून बसंन.” त्यामुळे ती खोली आम्हाला दाखवण्याचा विचार त्यांना शिवला नव्हता, आणि पाहण्याचा आम्हाला. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो असा.

जैनबबी गिरजाबाईला म्हणाल्या, “बाई, उन्हात काऊन बसतेस? त्या खोलीत सावली हाय, तिथं टेक जराशी.” ती आत गेली. आम्ही बाहेर रजयांच्या ढिगाशेजारी बसलो.

भोंग्यातून पत्रूजी बोलत होते. पत्रूजी म्हणजे आमचे कंट्रोलर, गाड्या लावणारे. त्यांचा आवाज असा संथ की जेवण पोटात उतरताना माणूस बोलतोय असं वाटायचं. आम्ही त्यांची टर उडवायचो की तुमचं ऐकता ऐकता माणूस झोपतो आणि त्याची गाडी चुकते. “मूल… सावली… गडचिरोलीकडे जाणारी गाडी… फलाटावर लागत आहे…” मग थोडा वेळ खरखर. “राजुरा… गडचांदूर… कोरपना…” कोरपना माझं गाव, त्यामुळे तेवढं नाव कानात थांबायचं. बाकीची नुसती वाहत जायची. ऊन इतकं होतं की समोरच्या लाल गाड्या पाण्यात उभ्या असल्यासारख्या हलत होत्या. आष्टी, आलापल्ली, अहेरी. एकेक नाव येई आणि माझ्या मिटत्या डोळ्यांपुढे तो रस्ता येई. सागाची झाडं, रस्त्यावर पडलेली मोहाची फुलं, वळणावर हात करणारी एखादी बाई. मी बसल्या जागी कितीतरी गाड्यांतून गेलो.

“पोंभुर्णा… पोंभुर्णा गाडी…”

मी दचकून उठलो. डोमा आधीच उठून खोलीच्या दारात गेला होता आणि तिथेच चौकटीला हात लावून उभा होता. मी त्याच्या खांद्यावरून पाहिलं. गिरजाबाई भिंतीकडे तोंड करून झोपली होती. गाठोडं एकीकडे, डोकं एकीकडे, एक हात फरशीवर पसरलेला. झोप कशी असते हे मला तोपर्यंत माहीतच नव्हतं असं वाटलं.

“वहिनी, गाडी,” मी हाक मारायला तोंड उघडलं. जैनबबींनी मागून माझी बाही ओढली. “नींद मोडू नको बेचारीची. गाडी काय, उद्याबी येते.”

बाहेर गाडीची दोनदा घंटी वाजली, पोंभुर्णा गाडी रिव्हर्स घेऊन वळली आणि गेली. त्यानंतर मूल गेली, वरोरा गेली, भोंगा खरखरत राहिला, हमाल भांडले, कुल्फीवाल्याने घंटा वाजवली. ती झोपलेलीच. डोमा दाराशी खाली बसला. “बापूभाऊ,” हळूच म्हणाला, “लग्न झाल्यावर दोन पावसाळे मी इले अशी झोपलेली पाह्यली होती. मंग आज.”

ऊन भिंतीवरून सरकत उतरेपर्यंत ती झोपली. मग पत्रूजी चहाला गेले. भोंगा बंद झाला, आणि योगायोगाने एकही गाडी चालू नव्हती. स्टँडवर क्वचित पडते तशी शांतता पडली. आणि गिरजाबाई ताडकन उठली. पंख्याच्या खोलीत उठली होती अगदी तशीच, एक हात जमिनीवर, नजर दाराकडे.

“काऊन चूप झालं?” तिने विचारलं.

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. डोमाच्याही पडला असावा, कारण त्याने कपाळाला हात लावला. मी विचारलं, “वहिनी, तुम्हाला आवाजाने नाही, शांततेने जाग येते का?”

“आमच्या इकडे समद्याइलेच येते,” ती म्हणाली. “धानाची जागल असते ना भाऊजी.”

आम्ही कोरपन्याकडची कापसाची माणसं. आमच्याकडे जागलीला एखादा गडी जातो आणि मचाणावर घोरून सकाळी परत येतो. तिच्या गावात तसं नव्हतं. धान पिकायला लागलं की रानडुकरं येतात, म्हणून रात्रभर प्रत्येक बांधीवरून, म्हणजे धानाच्या तुकड्यावरून, एक माणूस ‘होऽऽ’ करून ओरडतो, पलीकडचा त्याला ‘होऽऽ’ देतो, त्याच्या पलीकडचा त्याला. साद गावाभोवती फिरत राहते. धान घरी आलं की खळ्याची राखण, मग मोहफुलांची. साद चालू आहे म्हणजे सगळं ठीक आहे, बायका-पोरांनी झोपावं. साद थांबली तर सारं गाव जागं होतं, कारण थांबली म्हणजे काहीतरी झालं. जनावर आलं, नाहीतर माणसाला काही झालं.

“मंग गावात तं तुले झोप येत असंन,” डोमा म्हणाला.

गिरजाबाई गाठोड्याची गाठ सोडत-बांधत राहिली. “नाई,” ती म्हणाली. “तुमी एसटीत गेले अन् आपल्या बांधीवरचा आवाज गेला. बाकीचे ओरडत. तिकडून साद ये, इकडून ये, अन् आपल्या वावरापाशी येऊन तुटे. मी रातभर वाट पाहो. मले गावातबी नाई येत झोप. कोनं इचारलंच नाई.”

मी या बाईवर चिडलो होतो, याची मला लाज वाटली. डोमा म्हणाला, “मले कसं समजंन? मी तं ओरडनारा होतो ना. ऐकनारा नोहतो.”

“हा मानूस,” तिने खिडकीवरच्या भोंग्याकडे बोट केलं, “एका गावाचं नाव घेते, मंग दुसऱ्याचं. वाटते का समदे जागे हाईत. तुमची गाडी कुठी हाय, तेबी सांगंनच ना? ही खोली घ्या.”

जैनबबी हसत सुटल्या. “बघ बाई, मागून माझ्या नावानं रडू नको.” ती रडली नाही. डोमा साहेबाला भेटला तो राजीनाम्यासाठी नव्हे, गावाहून सामान आणायला दोन दिवसांच्या रजेसाठी. डोमाचं म्हणाल तर पहिले काही दिवस तो कानात कापूस घालून झोपला. कापूस जैनबबींकडे भरपूर होता.

त्यानंतर गिरजाबाई त्या खोलीत राहिली ती राहिलीच. गाडी चुकलेल्या लेकुरवाळ्या बायका तिच्याकडे टेकायला येऊ लागल्या. कुठलीही गाडी कधी लागते हे तिला झोपेतसुद्धा कळायचं, बसली मात्र ती त्यातल्या एकाच गाडीत, गावाच्या. आणि तिला स्वप्नं पडायला लागली. सकाळी आम्ही पाणी प्यायला गेलो की सांगायची, “भाऊजी, काल सिरोंच्याची गाडी आमच्या आंगणातून गेली. कोंबड्या बाजूले झाल्या, गाडी हळूच गेली.” किंवा, “बांधीत समद्या गाड्या उभ्या होत्या, चाकांपर्यंत पानी, अन् पत्रूजी मचानावर.” मी पत्रूजींना हे सांगितलं तर ते चक्क लाजले. पुढे ते जरा जास्तच संथ बोलायला लागले.

डोमाने मात्र एक नवीनच सुरू केलं. गाडी स्टँडच्या फाटकातून आत वळवताना तो खिडकीतून डोकं काढायचा आणि आपली ती साद द्यायचा, ‘होऽऽ’. भिंतीपलीकडून बायकी आवाजात उत्तर यायचं, ‘होऽऽ’. मग गाडी फलाटावर लागायची. नवे प्रवासी दचकायचे. जुने म्हणायचे, “घरी कळवून राह्यले ड्रायव्हर साहेब.” मला त्या माणसाचा हेवा वाटायचा, हे लिहायला आता हरकत नाही. रुखमा मला उत्तर देते, पण ते वेगळ्या प्रकारचं असतं.

अशी काही वर्षं गेली. एका दुपारी, धान कापणीच्या दिवसांत, आम्ही अहेरीहून भरगच्च गाडी घेऊन आलो. डोमाने फाटकात वळताना साद दिली. उत्तर आलं नाही. त्याने गाडी तिथेच उभी केली, अर्धी रस्त्यात, अर्धी फाटकात, आणि पुन्हा साद दिली. काही नाही. मागे दोन गाड्या अडकल्या, हॉर्न सुरू झाले. मी घंटी मारली. डोमाने वळून पाहिलं. “बापूभाऊ, उत्तर नाई आलं.”

त्याचा चेहरा पाहून मला जागल आठवली. इंजिन चालू ठेवून गाडी सोडणं त्याने उभ्या जन्मात केलं नव्हतं. ते करून तो उडी मारून धावला आणि मी त्याच्यामागे. भिंतीच्या कडेने आम्ही खिडकीशी पोचलो.

गिरजाबाई झोपली होती. शेजारी सुपात अर्धे निवडलेले तांदूळ, अंगावर जैनबबींची जुनी रजई, तोंड किंचित उघडं. डोक्यावर भोंगा चालला होता, फाटकात हॉर्न बोंबलत होते, अहेरीचे प्रवासी ओरडत होते. तिच्या कानावर काहीही जात नव्हतं. नवऱ्याची सादसुद्धा गेली नव्हती.

डोमा खिडकीचे गज धरून उभा राहिला. मग खाकी बाहीने तोंड पुसत परत आला आणि चढून आपल्या सीटवर बसला.

“काय झालं ड्रायव्हर साहेब?” पुढच्या सीटवरच्या म्हाताऱ्याने काळजीने विचारलं.

“काई नाई. झोपली हाय.”

म्हातारा भला माणूस होता. त्याने मागे वळून अडकलेल्या गाड्यांकडे पाहिलं. “मंग त्याइले सांगा ना, हॉर्न नोका वाजवू म्हनून.”

“वाजवू द्या बापा,” डोमा गिअर टाकत म्हणाला. “चूप झालं तं उठंन ते.”